डाव्या नळीतली तार

माझे पती गेले त्या सकाळी आम्ही जळगावच्या मेहरूण तलावावर होतो. दुर्बीण त्यांच्या गळ्यात होती. पुस्तक माझ्या हातात होतं. ते म्हणाले, "बदकांचं पान काढ." मी पान काढलं. ते खाली बसले, मग आडवे झाले. दुर्बीण दगडावर आपटली. रिक्षा आली. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, ते वाटेतच गेले.

मला त्या सकाळचं सगळं सलग आठवत नाही. आपटण्याचा आवाज तेवढा आठवतो. धातूची वस्तू दगडावर पडते तसा, मध्येच दबलेला. पुढे काही महिने घरात भांडं पडलं, शेजारी कुणी ओट्यावर बत्ता ठेवला, तरी मी जागच्या जागी थांबायची आणि पुढचं काही ऐकू येतं का याची वाट बघायची. पुढचं काही नसायचं.

आमची पक्षी बघण्याची रीत ठरलेली होती. ते बघायचे आणि मी पुस्तक धरायची. दुर्बीण डोळ्यांवरून न काढता ते बोलत राहायचे. डोकं तपकिरी, चोच चपटी, पंख उघडला की पांढरा पट्टा. मी पानं उलटत उलटत त्या वर्णनाचं चित्र शोधायची आणि नाव वाचून दाखवायची. माझी सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात गेली, त्यामुळे हे काम मला घरच्यासारखं वाटायचं. कधी ते दुर्बीण माझ्या हातात द्यायचे. मी ती डोळ्यांना लावून फांदी शोधेपर्यंत पक्षी गेलेला असायचा. मग ते हसायचे. "बाईसाहेब, पक्षी म्हणजे पुस्तक नाही. खूण घालून ठेवता येत नाही." मीही दुर्बीण परत द्यायची. मला त्याचं काही वाटत नसे. इतक्या वर्षांत मी किती पक्षी खरोखर पाहिले आणि किती त्यांच्या तोंडून ऐकले, हे मला सांगता येणार नाही.

ही दुर्बीण आमच्याकडे आली तीच मुळी वापरलेली. तेव्हा आम्ही धुळ्याला राहत होतो आणि ते नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात देखभालीचं काम बघायचे. देवपुरात एका निवृत्त गृहस्थांना आपली दुर्बीण विकायची होती. त्यांनी ती विश्वासाने हातात दिली. घरी न्या, दोन दिवस बघा, पटली तर ठेवा म्हणाले. ह्यांनी ती माझ्या माहेरी आणली, कारण माझ्या आईच्या घराला गच्ची होती.

तपासणी पूर्ण संध्याकाळभर चालली. आधी त्यांनी ती उलटी धरून, मोठ्या भिंगांच्या बाजूने, दिव्याकडे बघितलं. आत धूळ असली तर चालते, पण कोळ्याच्या जाळ्यासारखं काही पसरलेलं दिसलं तर ती बुरशी, आणि ती भिंग खाते, असं मला सांगितलं. मग कानाशी धरून हलकेच हलवली. आतल्या काचा सुटल्या असतील तर खुळखुळ ऐकू येते. मधलं चाक पुढे-मागे फिरवून पाहिलं. मग समोरच्या खांबावरून जाणारी विजेची तार धरली. आधी एका नळीतून, मग दुसरीतून, मग दोन्हींतून. तार सरळ दिसली पाहिजे आणि एकच दिसली पाहिजे. माझी आई कठड्याला टेकून हे सगळं बघत होती. ती म्हणाली, "पोर देखाले उना व्हता तव्हय बी इतलं देखं नही." मुलगी बघायला आले होते तेव्हाही जावयाने एवढं निरखलं नव्हतं, असं तिचं म्हणणं. तेही काही कमी नव्हते. "आई, तिच्यात दोष निघाला असता तरी मी परत दिली नसती, मग कशाला बघायचं?" असं म्हणून त्यांनी पुन्हा दुर्बीण डोळ्यांना लावली.

शेवटी त्यांनी एक वेगळीच गोष्ट केली. दुर्बीण खाली-वर पालटली, म्हणजे डाव्या डोळ्यासमोरची नळी उजव्या डोळ्यासमोर आली, आणि तशीच ती तार पुन्हा पाहिली. हे कशाला, असं मी विचारलं.

"दोष दुर्बिणीत आहे की माझ्या डोळ्यात, हे कळायला नको?" ते म्हणाले. "पालटल्यावर दोष नळीबरोबर गेला तर दुर्बिणीचा. डोळ्यापाशीच राहिला तर आपला."

मला ते फार आवडलं होतं. कारखान्यातल्या माणसाला शोभेल अशी साधी युक्ती. मी ती आठवणीत ठेवली, पण ती मला कधी लागेल असं वाटलं नव्हतं.

दुर्बिणीत दोष निघाला नाही. त्यांचा उजवा डोळा मात्र जरा अधू होता. डाव्या नळीला मधलं चाक पुरतं, उजव्या नळीला डोळ्याजवळ एक वेगळी कडी असते, ती ज्याच्या त्याच्या डोळ्याप्रमाणे फिरवायची. त्यांनी ती आपल्या डोळ्याला जुळवली आणि वायरिंगची काळी चिकटपट्टी तिच्यावर गुंडाळून टाकली, कुणी हलवू नये म्हणून. ती पट्टी तेव्हापासून तिथेच होती.

ते गेल्यावर दुर्बीण मी कपाटात त्यांच्या स्वेटरखाली ठेवली. पावसाळा संपल्यावर पहिल्यांदा बाहेर काढली. जळगावला पिंप्राळ्यात आमच्या घरासमोर मोबाइलचा मनोरा आहे आणि त्यावर घारी बसतात. संध्याकाळी मी गच्चीवर जाऊन त्या घारी बघू लागले. पुस्तक नेत नसे. घार ओळखायला पुस्तक लागत नाही, आणि ते पुस्तक उघडलं की बदकांचं पान आपोआप उघडायचं.

दुर्बिणीतून उजवीकडचं चित्र स्वच्छ दिसायचं. डावीकडचं तसं दिसायचं नाही. मधोमध जणू कुणी बोट फिरवून पुसलं आहे, असं. मी ती चिकटपट्टी बघितली आणि मला वाटलं, हे त्यांचं आहे. त्यांच्या डोळ्यांना जुळवलेली दुर्बीण माझ्या डोळ्यांना कशी जुळेल? ती पट्टी काढून कडी फिरवणं माझ्याच्याने होईना. उलट मला तो पुसटपणा बरा वाटायचा. वाटायचं, मी त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बघते आहे. दुर्बीण खाली ठेवताना मी कधी कधी दोन्ही काचांवर तळहात धरायची, उबेसाठी धरावा तसा.

त्याच सुमारास वाचताना एखादी ओळ मध्येच बुडायची. अक्षर असायचं आणि नसायचं. मी ट्यूबलाइट बदलून घेतली. हल्लीची छपाई वाईट म्हटलं. रडण्यावर ढकललं. रडणं तेव्हा इतकं होतं की त्याच्यावर काहीही ढकलता आलं असतं.

हिवाळा आला. त्यांच्या पुण्यस्मरणाचा दिवस जवळ आला. आमच्या घरी त्या दिवशी बुद्धवंदना होते, जवळची माणसं पांढऱ्या कपड्यांत येतात, आणि गेलेल्याच्या नावाने कुणाला तरी उपयोगी वस्तू दान देतात. माझ्या सासूबाईंचा दंडक होता की दानाची वस्तू आधी आपण वापरून बघायची. कंदील दिला तर पेटवून, छत्री दिली तर उघडून, वही दिली तरी सगळी पानं चाळून. त्या गेल्यावर ह्यांनी तो दंडक पाळला आणि ह्यांच्यानंतर तो माझ्याकडे आला.

ह्यांचे नरडाण्याचे एक सहकारी आता निवृत्त होऊन धुळ्यात राहतात. त्यांचं मूळ गाव शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. महिन्यातून काही दिवस ते तिथे शाळेतल्या मुलांना घेऊन रानात जातात, झाडं-पाखरं दाखवतात. मी त्यांना भाऊ म्हणते. दुर्बीण त्या शाळेला द्यावी असं माझ्या मनात आलं तेव्हा मी त्यांना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वहिनी, ही दुर्बीण तो मला अर्धा मिनिट देत नव्हता, आणि तुम्ही कायमची देताय. वरून बघत असेल तर खाली उतरेल." आम्ही दोघंही हसलो. मग त्यांनी विचारलं, पडली होती ना त्या दिवशी? एकदा तपासून घ्या. आतली काच सरकली असेल तर मुलांची डोकी दुखतील.

मी तपासायला बसले ते दंडक म्हणून, आणि खरं सांगायचं तर ह्यांची संध्याकाळभराची ती तपासणी एकदा आपल्या हाताने करावी म्हणून.

रविवारची सकाळ होती. ऊन चांगलं होतं. मोठ्या भिंगांतून आत बघितलं, बुरशी नव्हती. कानाशी हलवली, आवाज नव्हता. एका बाजूच्या रबरावर खरचटल्याची खूण होती, ती दगडाची. मग समोरची विजेची तार धरली. उजव्या नळीतून तार सरळ होती, अगदी तिच्यावरची वेड्या राघूंची रांगही दिसली. मी उजवा डोळा मिटला.

डाव्या नळीतून तारेला खळगा होता. दोरी मधोमध कुणी चिमटीत धरून खाली ओढावी तशी ती वाकली होती, आणि वाकल्या जागी पुसट होती.

काच सरकली, असं मी स्वतःशी मोठ्याने म्हणाले. दगडावर आपटली ना, काच सरकली. मी मधलं चाक फिरवलं. तार जाड झाली, बारीक झाली, खळगा तसाच राहिला. मग मला वाटलं, पट्टी. एवढे दिवस जपलेली ती पट्टी मी नखाने सोडवली, कडी फिरवली, पुन्हा बघितलं. काही फरक नव्हता. फरक पडणार कसा? कडी उजव्या नळीला होती. डाव्या नळीशी तिचा काही संबंध नव्हता. हे मला माहीत होतं. आईच्या गच्चीवर, तिथल्या तारेसमोर त्यांनी मला ते समजावून सांगितलं होतं. डाव्या नळीत त्यांच्या डोळ्याचं काहीच नव्हतं.

मी दुर्बीण मांडीवर ठेवली. पुढे काय करायचं ते मला ठाऊक होतं. ती खाली-वर पालटायची आणि पुन्हा बघायचं, एवढंच. हात उचलेना. मला वाटलं, मीही आता आडवी होते की काय.

त्याचं कारण माझी आई. काही वर्षांपूर्वी ती जेवताना म्हणू लागली की ताटाची कड दिसते, ताटातली भाकरी दिसत नाही. आम्ही थट्टेवर नेलं. मग तिला माणसांचे चेहरे दिसेनासे झाले. कान दिसायचे, केस दिसायचे, खांद्यावरचा पदर दिसायचा, तोंडाच्या जागी काही नसायचं. ती माणसाकडे बघायला मान वळवून त्याच्या बाजूच्या भिंतीकडे बघायची, म्हणजे माणूस तिच्या नजरेच्या कडेला यायचा आणि थोडासा दिसायचा. माझी भावजय आधी चिडायची, सासूबाई माझ्याशी बोलताना फडताळाकडे बघतात म्हणून. डॉक्टरांनी डोळ्याचा पडदा खराब झाला म्हणून सांगितलं, उशीर झाला म्हणाले, आणि मुलांनीही डोळे तपासून घेत जावं असं बजावलं. भावाने तपासून घेतले. मी पुढच्या महिन्यावर ठेवलं, आणि मग तो मेहरूणचा दिवस आला.

त्या रविवारनंतरचे काही दिवस मी डोळे मिटायला घाबरत होते, म्हणजे एकच डोळा मिटायला. दोन्ही उघडे असले की जवळजवळ सगळं ठीक दिसायचं. उजवा डोळा डाव्याची बाजू सांभाळून घ्यायचा. तोंड धुताना साबण उजव्या डोळ्यात जाऊ नये म्हणून मी जपायची, कारण तो मिटला असता तर समोरच्या फरश्यांच्या रेघा बघाव्या लागल्या असत्या. खिडकीचे गज मी बघितले नाहीत. घरात इतक्या सरळ रेघा असतात हे मला तेव्हा कळलं. पुस्तकांच्या कपाटासमोर मी उभीच राहत नसे.

आणि मनात एकच गोष्ट धरून होते. दुर्बीण फुटलेली असू दे. त्यांची इतकी जपलेली वस्तू, आणि मी तिच्यात दोष निघावा म्हणून आस लावून बसले होते. मी ती स्वतः पालटून बघणार नव्हते. भाऊंकडे नेणार होते. ते बघतील, म्हणतील काच सरकली, टाकाऊ झाली. मी त्या शाळेला दुसरं काहीतरी देईन आणि घरी येऊन वाचत बसेन. पुस्तकांखेरीज माझं असं काही उरलेलं नव्हतं. तेही गेलं तर सकाळी उठून मी काय करायचं, याचं उत्तर मला सुचत नव्हतं.

धुळ्याला मी एसटीने गेले. पारोळ्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापसाची वेचणी चालू होती. दुर्बीण पिशवीत मांडीवर होती. खिडकीतून विजेचे खांब येत होते, जात होते, त्यांच्यामधून तारा खाली झुकत होत्या, वर चढत होत्या. चालत्या गाडीतून तारा तशाच दिसतात, सगळ्यांनाच दिसतात. त्या आधाराने मी एकदा उजवा डोळा हाताने झाकला. लगेच हात काढला. शेजारच्या बाईने विचारलं, "डोयामा काही गयं का ताई?" मी कचरा गेला म्हटलं. तिने पदराचा बोळा करून त्यावर फुंकर मारली आणि माझ्या डोळ्यावर धरायला पुढे केला. मी तो धरला. डोळा झाकून बसायला मला कारण मिळालं होतं, पण मी डावा झाकून बसले.

भावाच्या घरी भावजय भरीत करत होती. वांगी भाजल्याचा वास जिन्यापर्यंत आला होता. आई खाटेवर उन्हाच्या तुकड्यात बसली होती. मी तिच्या समोर स्टूल घेऊन बसले. ती भिंतीकडे बघत माझ्याशी बोलू लागली. जळगावात थंडी किती, वंदनेला कोण कोण येणार, तू जेवतेस का. मी उत्तरं देत होते. मध्येच ती थांबली.

"तू आशी तिरपी काबरं देखी रायनी?"

मी तिरपी बघते आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी मान सरळ केली. काही नाही, ऊन डोळ्यावर येतंय म्हटलं. ऊन माझ्या पाठीवर होतं. तिला तेवढं दिसत असावं. तिचे हात गोधडीच्या कडेवर फिरत राहिले.

ह्यांच्या सहकाऱ्यांना, भाऊंना, मी तिथेच बोलावलं होतं. ते आले ते चहाआधीच दुर्बिणीवर आले. पिशवीतून काढताना त्यांनी ती ज्या तऱ्हेने धरली, खालून दोन्ही तळव्यांत, ते बघून मला क्षणभर घरात हेच आल्यासारखं वाटलं. दोघांनी एकाच कारखान्यात हात घडवले होते. भाऊंनी दिव्याकडे धरून आत बघितलं. कानाशी हलवली. कडीवरची पट्टी गेलेली बघून माझ्याकडे बघितलं, पण विचारलं नाही. मग खिडकीशी जाऊन समोरच्या इमारतीच्या टाकीची कड धरली. एक डोळा मिटला, दुसरा मिटला. मी त्यांच्या पाठीकडे बघत होते. भावजयीने चहा पुढे केला तो मी कपबशीचा आवाज होईल म्हणून घेतला नाही.

मग त्यांनी दुर्बीण खाली-वर पालटली आणि पुन्हा बघितलं.

वळले तेव्हा त्यांचा चेहरा उजळलेला होता.

"वहिनी, मित्र पडला, पण हिला काही होऊ दिलं नाही," ते म्हणाले. "तार धरा, टाकी धरा, काही धरा. नवी घेतल्यासारखी."

मी विचारलं, डावी नळी नीट बघितली का.

"डावीच आधी बघितली. आपटली त्या बाजूला ना ती?"

"कड वाकलेली नाही दिसली?"

"कुठं?" त्यांनी पुन्हा दुर्बीण लावली. माझ्यासाठी, पुष्कळ वेळ. "नाही हो. सरळ आहे."

त्यांचा आवाज शेवटी खाली आला. काहीतरी चुकलं आहे एवढं त्यांना कळलं, काय ते कळलं नाही. ते दुर्बीण हातात घेऊन तसेच उभे राहिले. भावजय कप घेऊन उभी राहिली. मला वाटत होतं, कुणी काही बोललं नाही तर हे अजून खरं झालेलं नसेल.

आई भिंतीकडे बघत होती, म्हणजे माझ्याकडे.

"कोनता डोया?" तिने विचारलं.

मी भाऊंच्या हातातल्या दुर्बिणीकडे बघितलं. तिने पुन्हा विचारलं, आवाज न चढवता.

"डावा," मी म्हणाले.

"मना बी आधी डावाच व्हता," आई म्हणाली.

मी त्या दिवशी जितकी घाबरले तितकी मेहरूणच्या काठावरही घाबरले नव्हते. तिथे जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. इथे ते समोर बसलेलं होतं, माझ्या आईच्या रूपाने, गोधडीची कड चाचपत. मला पुढची सगळी वर्षं एकदम दिसली. ताटाची कड, भिंत, खांद्यावरचे पदर, आणि माणसांना तोंडं नाहीत. पुस्तकाचा समास दिसेल आणि ओळ दिसणार नाही. मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून उभी राहिले. बाहेर आले तेव्हा आईने हात पुढे केला होता. तो हवेत कुठल्यातरी दिशेला होता. मी त्याच्या दिशेला जाऊन बसले.

तिने माझं तोंड हातांनी चाचपलं. कितीतरी दिवसांत तिने माझं तोंड बघितलं नव्हतं. मग ती हळू आवाजात सांगू लागली, भाऊ आणि भावजय ऐकत होते तरी फक्त मला सांगावं तसं. तिचा पहिला डोळा बिघडला तेव्हा ताटातली भाकरी दिसतच होती, कारण दुसरा डोळा चांगला होता. भाकरी दिसेनाशी झाली ती दुसराही गेल्यावर. मधल्या काळात तिने दारं-खिडक्यांकडे बघायचं सोडलं होतं. सुईत दोरा शेजारणीकडून ओवून घ्यायची. भीती वाटायची आणि भीतीपायी सांगितलं नाही. म्हणजे आम्ही थट्टेवर नेलं त्याच्याही आधी तिचं एक वर्ष असं एकटीचं गेलं होतं. हे ती पहिल्यांदाच बोलत होती.

"मी कोनलेच सांगं नही," ती म्हणाली. "तू सांगी टाकं आते. चांगलं व्हयनं."

भाऊंनी दुर्बीण खाटेवर ठेवली आणि खिशातून फोन काढला. त्यांच्या ओळखीचे डोळ्याच्या पडद्याचे एक डॉक्टर होते. मी परत जळगावला जाऊन बघते म्हटलं. ते ऐकेनात. "वहिनी, तुम्ही उद्यावर टाकाल," ते म्हणाले. मग फोन कानाला लावत म्हणाले, "तो असता तर त्याने आत्ताच्या आत्ता दोन्ही नळ्या तपासल्या असत्या."

त्याच दुपारी आम्ही गेलो. भावजय भरीत झाकून बरोबर आली. मोठ्या यंत्रावर हनुवटी टेकवून मी बसले आणि डॉक्टरांनी आधी एक डोळा झाकला, मग दुसरा. मला रांगेतल्या रेघा दाखवल्या. मी कुठे वाकतात ते बोटाने दाखवलं. मान हलवू नका, असं त्यांनी दोनदा सांगितलं, कारण मी नकळत ती तिरपी करत होते. पडद्यावर सूज होती. पुसलं गेलेलं परत येईल असं सांगता येत नाही, पण पुढे पसरणं थांबवता येईल, असं ते म्हणाले. डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागतील. मी विचारलं, दुसरा? दुसरा आत्ता चांगला आहे, म्हणाले. "आत्ता" हा शब्द त्यांनी मुद्दाम घातला होता का, ते मी विचारलं नाही.

डोळ्यात सुई या गोष्टीची जितकी भीती वाटते तितकी ती दुखत नाही. तरी दर वेळी मी घाबरते. भुलीचे थेंब घालून बाहेर बाकावर बसवतात, तिथे सगळी माझ्यासारखीच माणसं असतात, आणि कुणीही कुणाच्या तोंडाकडे बघत नाही.

वंदना ठरल्या दिवशी झाली. भाऊ जळगावला आले. दुर्बीण मी त्यांच्या हातात दिली, दंडकाप्रमाणे तपासलेली. सगळ्यांसमोर ते इतकंच म्हणाले की वस्तू उत्तम आहे. आता ती सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळेत आहे. पुस्तकही मी तिच्याबरोबर पाठवलं, बदकांच्या पानाला खूण घालून. त्या सकाळी त्यांना कोणतं बदक दिसलं होतं, हे कुणाला कळणार नाही. पण तिथल्या मुलांना तळ्यावर बदकं दिसली, असा भाऊंचा फोन आला होता.

आईला मी दर आठवड्याला फोन करते. ती पहिल्यांदा माझ्या डोळ्यांचं विचारते, मग जेवणाचं.

डॉक्टरांनी चौकटींचा एक कागद दिला आहे. तो मी फ्रीजवर लावला आहे. रोज सकाळी उजवा डोळा मिटून बघते, मग डावा मिटून बघते. डाव्याने मधल्या चौकटी वाकतात आणि पुसट दिसतात. उजव्याने सगळ्या सरळ दिसतात. उजव्या डोळ्याने मला अजून वाचता येतं.